खुर्चीवरचा रुमाल

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर परवा सिनेमा दाखवला. मैत्री, शेजारधर्म, जगण्याचा अर्थ, सगळं होतं म्हणे त्यात. मला काही तो नीट बघता आला नाही. आम्ही सतरंजीवर बसलो होतो, पण माझी मान सारखी मागे वळत होती. मागे खुर्च्यांची एकच रांग, त्यात एक खुर्ची रिकामी, तिच्यावर निळा रुमाल आणि शेजारी जोशीवहिनी.

त्यांच्याही मागे, कठड्याला टेकून तळमजल्यावरचे देसाईकाका उभे. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. शेवटी मी विचारलं, "वहिनी, काका बसू देत का इथे?"

"अहो, आमचे हे येतायत ना! निघालेत ऑफिसातून."

काकांनीच मला हातानं खूण केली, राहू दे.

पडद्यावर एक बेघर म्हातारा दाराशी उभा होता आणि अख्खी गल्ली त्याला घरात बोलवत होती. गच्चीभर मुसमुसणं चाललेलं. परक्या म्हाताऱ्यासाठी आपला जीव एवढा कसा तुटतो? की तो आपल्याकडे खुर्ची मागत नाही, म्हणून परवडतो?

सिनेमा संपत आला तरी वहिनींचे 'हे' आले नव्हते. वहिनींनाही रडू आवरेना. त्यांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि डोळे पुसले.

"किती खरं दाखवलंय हो!"

मी आशेनं काकांकडे पाहिलं. तेवढ्यात वहिनींनी रुमालाची नीट घडी घातली आणि तो पुन्हा खुर्चीवर ठेवला.