शालनच्या शेवटासाठी कोल्हापूर

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, मिसळ खायला जातात, चपला घ्यायला जातात. मी गेले होते माफी मागायला.

आधी शालन सरनोबतबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय हा प्रवास घडलाच नसता. शालन ही टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि लोकांचे कॉल जोडता जोडता ती फौजदार इनामदारांच्या आधी चोऱ्या-खून उलगडते. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्याच एका छापखान्याने तिची पॉकेटबुकं काढली. लेखक टोपणनावाने लिहायचा, छापखाना केव्हाच बंद पडला. रद्दीत हाती लागलेल्या अशाच एका पुस्तकामुळे मी शालनवेडी झाले आणि पुढे आम्हा चारेकशे शालनवेड्यांचा ऑनलाइन ग्रुप झाला. मी त्याची अ‍ॅडमिन. तिथे मला कुणी खऱ्या नावाने ओळखत नाही, मी 'ट्रंककॉल' आहे.

मालिकेतलं शेवटचं पुस्तक पूर्ण असं कुणाकडेच नव्हतं. मग आठ वर्षांपूर्वी मीच शेवट लिहिला. मूळ लेखकाची शैली उचलून, त्याच ठसक्यात. वर 'हा मी रचलेला शेवट आहे' असं स्पष्ट लिहिलंही होतं. पण कुणीतरी नेमकी तेवढीच ओळ गाळून त्याची पीडीएफ केली आणि ती फिरत राहिली. लोक म्हणायला लागले, 'वा, अखेर मूळ शेवट सापडला!' मी गप्प बसले. खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या. आपलं लिखाण मूळ म्हणून खपतंय, याचं सुख काही वेगळंच असतं.

गेल्या महिन्यात ग्रुपवर मेघा कांबळेचा मेसेज आला. मेघा कोल्हापूरला पीएच.डी. करते, विषय आहे रहस्यकथांमधल्या नोकरदार स्त्रिया. 'तुमच्या ग्रुपमुळे पाचवं प्रकरण उभं राहिलं. ते सगळं शालनच्या शेवटावर आहे. दहा दिवसांनी प्रबंध जमा करायचाय. फक्त शेवटच्या परिच्छेदाचा पान क्रमांक मिळेल का?'

पान क्रमांक कुठून देणार? माझ्या लॅपटॉपवर ते पान नंबर तीन होतं. सात वेळा उत्तर टाईप केलं, सातही वेळा पुसलं. शेवटी ठरवलं, केलंय तर तोंडावर सांगायचं. तिला लिहिलं, 'मी कोल्हापूरला येतेय, भेटून बोलू.'

शुक्रवारी सकाळी पुण्याहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे या प्रवासात सगळ्यात स्वस्त काय पडलं तर बसच. रस्त्याचं मात्र विचारू नका. साताऱ्याच्या पुढे जागोजागी कामं सुरू आहेत आणि बस दर थोड्या वेळाने मुख्य रस्ता सोडून बाजूच्या रस्त्याला लागते. पाच तास धरून निघालात तर साडेसहा लागतील. कराडच्या पुढे एका ढाब्यावर कंडक्टरने दहा मिनिटं दिली आणि सगळी बस पंचवीस मिनिटं जेवली. एका प्रवाशाने 'उशीर होतोय की हो' म्हटलं, तर कंडक्टर म्हणाला, "पावणं, कोल्हापूर कुठं पळून चाललंय व्हय? बसा की निवांत." मला तर ते पळून गेलं असतं तरी चाललं असतं.

मेघा स्टँडवर मोपेड घेऊन हजर होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर पुस्तकांनी फुगलेली सॅक. "ट्रंककॉल ताई? मी कवापास्नं उभा राहिलोय!" कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात हे ऐकून होते, प्रत्यक्षात ऐकायला फार गोड वाटलं. स्टँडजवळच्या लॉजवर बॅग टाकली (साधी खोली, स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच) आणि ती मला रंकाळ्यावर घेऊन गेली. भेळ घेऊन कठड्यावर बसलो.

मेघा मूळची कागलची. तीन वर्षं रोज कागल-कोल्हापूर बस, दिवसभर वाचनालयं, संध्याकाळी परत जाऊन शिकवण्या. शालनची कुठली केस कुठल्या महिन्यात छापली, मुखपृष्ठावर तिच्या साडीचा रंग कोणता, सगळं तिला तोंडपाठ. आमच्या ग्रुपवर लोक स्वतःला तज्ज्ञ म्हणवतात, मीही म्हणवते. या मुलीने प्रत्येक पॉकेटबुक हातात घेऊन, धूळ झटकून, ओळ न् ओळ वाचली होती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की भेळेचा घास फिरायला लागला.

"घरात लग्नाचं बोलणं प्रबंध होईस्तवर थांबवलंय," ती म्हणाली. "आई म्हणती, तुझी ती शालन तरी शेवटाला संसाराला लागली की न्हाय!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "भेळ छान आहे हं."

रात्री झोप कसली लागतेय.

शनिवारी सकाळी मिसळ. कुठली चांगली, यावर कोल्हापुरात हाणामाऱ्या होतील, म्हणून नाव देत नाही; पण बाहेर वाट पाहणारी गर्दी दिसेल तिथे खुशाल शिरा. इथे मिसळीबरोबर पाव मागू नका, ब्रेडच्या स्लाइस मिळतात. कट वाटीत वेगळा येतो, हवा तेवढा घ्या. मेघाने टेबलावर प्रकरणाची प्रिंट काढून ठेवली होती, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. तिने वाचून दाखवलं: "'शालनने हेडफोन काढून बोर्डावर ठेवला आणि इनामदारांच्या मागोमाग ती जिना उतरली. मागे एक दिवा लुकलुकत राहिला.' ताई, या एका वाक्यावर माझी बारा पानं हाईत. इतकी हुशार बाई शेवटाला फौजदाराच्या मागनं घरात जाती. म्हंजे लेखकानं पण तिला घरातच धाडलं. हाच माझा मुद्दा."

"मेघा, ते मी लिहिलंय."

"व्हय, टाईप तुम्हीच केलासा न्हवं?"

"टाईप नाही. रचलंय. मूळ शेवट मी कधी पाहिलेलाच नाही."

तिने स्लाइस ताटलीत ठेवली. मी बडबडत सुटले: वर ओळ होती, कुणीतरी ती गाळली, मी तेव्हा बावीस वर्षांची होते, माझं स्वतःचं लग्न ठरत होतं, सगळ्या बायकांनी जिना उतरून नवऱ्यामागे जावं असं मला तेव्हा खरंच वाटायचं. ही शेवटची गोष्ट मलाही बोलता बोलताच कळली.

"आठ वर्सं गप बसलासा?" मेघाचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "मी गाईडला काय सांगू? फॅनच्या गोष्टीवर पीएच.डी. केलो म्हणून सांगू?"

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, आणि का घ्यावी? सॅक उचलून ती बाहेर पडली. मला वाटलं, गेली. पण मोपेडजवळ उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. "चला. वाचनालय अकराला बंद हुतंय."

जुन्या गावातलं ते वाचनालय बाहेरून कुणालाही दिसणार नाही, खाली दुकानं आणि वर पुस्तकं. सकाळी आठ ते अकरा, मग थेट संध्याकाळी पाचला उघडतं. ओळखपत्र लागतं, फोटो काढू देत नाहीत, हाताने उतरवून घ्यायचं. जिना चढलं की जुन्या कागदाचा आणि खळीचा वास येतो. ग्रंथपाल चौगुले काका निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर. मेघाने त्यांच्यासमोर शेवटचं पॉकेटबुक ठेवलं, ते तिने पूर्वी अनेकदा वाचलेलं; शालनची बाकीची पुस्तकं तिला दुसऱ्या वाचनालयांत मिळाली होती. मजकूर एकशे बाराव्या पानावर मधेच संपत होता.

"काका, ह्याची फाटल्याली पानं आणि कुठं मिळतील का? कुठल्या दुसऱ्या वाचनालयात?"

"फाटल्याली?" काकांनी चष्मा खाली घेतला. "कोण म्हणतंय फाटल्याली? सोडवल्याली हाईत ती. तीन वर्सं येतीस पोरी, एकदा तरी शेवट मागितलास का?"

"माझ्याकडं हुता की," मेघा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मग काकांनी जे सांगितलं ते ऐकायला मी पुन्हा साडेसहा तास बसने जाईन. त्या काळी रहस्यकथांवर उड्या पडायच्या आणि वाचकांमध्ये खोड्याळही तेवढेच. कुणी शेवटचं पान फाडून न्यायचं, कुणी पहिल्याच पानावर 'खुनी मेहुणा आहे' असं लिहून ठेवायचं. तेव्हाच्या ग्रंथपालांनी वैतागून नियमच केला. प्रत्येक रहस्यकथेची शेवटची सोळा पानं शिवण उसवून सोडवायची, सगळे शेवट एकत्र जाड पुठ्ठ्यात बांधायचे, आणि तो खंड काउंटरमागच्या कपाटात. पुस्तक घरी न्या, वाचा, मग इथे या. आधी वहीत आपला अंदाज नाव घालून लिहायचा, मगच शेवट मिळणार, तोही इथेच बसून वाचायचा. चुकला तर ग्रंथपाल लाल शाईने 'चूक' लिहिणार.

आम्ही ग्रुपवर 'शेवटाचे अंदाज' नावाचा धागा चालवतो आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान! कोल्हापूरने तो वहीत, टाकाने, सही-नावानिशी चालवून झाला होता.

वही आली. शालनच्या शेवटच्या पुस्तकाची पानं काकांनी उघडली. 'शालन इनामदारांशी लग्न करेल.' चूक. 'इनामदार हाच चोर.' चूक. 'शालन मुंबईला जाईल.' चूक. मधेच एका बाईंनी लिहिलं होतं, 'अंदाज नाही, विनंती आहे. तिची नोकरी सोडवू नका.' त्यापुढे ग्रंथपालांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'कृपया अंदाज द्यावा.' आम्ही दोघी एकदमच हसलो. सकाळपासून पहिल्यांदा.

"लिवा पावणं," काकांनी पेन माझ्यापुढे केलं. "नियम म्हंजे नियम. कोण मागाय येत न्हाय म्हणून बंद केल्याला न्हाय."

मी माझाच शेवट लिहिला: 'शालन नोकरी सोडून इनामदारांबरोबर जाईल.' खाली नाव लिहायची वेळ आली आणि सवयीने 'ट्र' लिहून गेले. ते खोडून वैशाली देवधर लिहिलं. मेघाने मात्र पेन बराच वेळ धरून ठेवलं. बारा पानं एकीकडे होती. मग तिने लिहिलं, 'ती नोकरी सोडत नाही.'

खंड वजनदार होता. पानं पिवळी, पण एकही सैल नाही. मेघा हळू आवाजात वाचत गेली. खून उलगडतो. कोल्हापूरचं एक्स्चेंज आता यंत्रावर चालणार, ऑपरेटर नकोत. इनामदार शालनला लग्नाचं विचारतो. ती म्हणते, 'विचार करून कळवते.' शेवटच्या पानावर ती एसटीतून आजऱ्याला उतरते. तिथे अजून जुनाच बोर्ड आहे, बदली तिने मागून घेतलीये. खुर्ची पुढे ओढते, हेडफोन चढवते. 'आजरा एक्स्चेंज. नंबर सांगा.' संपलं.

मेघा ते वाक्य तीन वेळा वाचून रडायला लागली. मलाही राहवलं नाही. माझ्या शेवटात लुकलुकणारा दिवा होता, पार्श्वसंगीतच काय ते बाकी होतं. आणि त्या अनामिक लेखकाने चार साध्या शब्दांत तिला तिच्या खुर्चीवर बसवून दिलं होतं.

काकांनी दोघींना रडू दिलं. मग वही जवळ ओढून माझ्या नावापुढे लाल शाईने 'चूक' लिहिलं आणि मेघाच्या नावापुढे 'बरोबर'. "आतापतोर बरोबर दोनच," ते म्हणाले. दुसरी कोण, ते पान उलटून दाखवलंच नाही त्यांनी. अकरा वाजले होते, कुलूप लावायचं होतं.

संध्याकाळी पाचला परत जाऊन आम्ही सोळाच्या सोळा पानं उतरवून घेतली. मी सांगत होते, मेघा लिहीत होती. मधेच ती म्हणाली, "बारा पानं टाकून द्यायची न्हाईत मी. मूळ शेवट काय, आणि वाचणाऱ्यांनी तो काय करून ठेवला, आसं प्रकरण करतो. ही वही पण घेतो त्यात. आठ दिवसात हुतंय का बघू." मग माझ्याकडे न बघता, "तुमाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," मी म्हटलं. रात्री तिनेच पांढरा रस्सा खायला नेलं आणि बिल मला देऊ दिलं नाही, याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

रविवारी परतले. घरी येऊन पहिलं काम केलं ते ग्रुपवर सगळं खरं लिहिण्याचं, खऱ्या नावाने. काही जण चिडले, चौघे सोडून गेले. बरेच जण विचारतायत की वाचनालय सकाळी किती वाजता उघडतं. आठला. अंदाज तयार ठेवून जा.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, मेघाचा मेसेज आला. प्रबंध सोमवारी जमा झाला होता. सोबत पाचव्या प्रकरणातल्या दोन तळटिपांचा फोटो. पहिल्या टिपेत शेवटांचा खंड, वाचनालयाचं नाव आणि तिने माझ्याकडे मागितलेला तो पान क्रमांक: एकशे अठ्ठावीस. दुसरीत लिहिलं होतं, 'हा शेवट मूळ कादंबरीचा नाही. तो वैशाली देवधर या वाचकाने रचला असून, तसं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं.'