थोरल्या जाऊबाईंची गाठ

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी मोठ्या आवाजाची बाई अख्ख्या मारेगाव तालुक्यात झाली नसेल. कानात सांगायची गोष्टसुद्धा त्या अशी सांगत, की पलीकडच्या शेतातली वेचणी थांबावी. भीड म्हणून नव्हतीच. तेरवीच्या पंगतीतही आचाऱ्याला बोलावून, "भाजीत मीठ कमी हाय," असं त्या सुनावायच्या. बोंडअळीनं कापूस खाल्ला, भाव पडला, त्या वर्षांत गाव दबून बोलायला लागलं; या मात्र व्यापाऱ्याशी भरचौकात भांडत.

त्याच दिवसांत त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. तालुक्याच्या डॉक्टरनं तुकडा तपासायला यवतमाळच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. "उद्या यवतमाळले जाऊ. तू संग चाल," एवढंच मला म्हणाल्या. एसटीत एकीनं कुठे निघालात विचारलं, तर सगळ्या गाडीला कळलं, "छातीत गाठ हाय, तिचा तुकडा तपासाले धाडाचा हाय!" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना त्यांनी सुईला हातच लावू दिला नाही. "आधी मले सांगा, काय काय करनार हाय." बाईंनी सांगितलं, आधी जागा बधिर करायचं इंजेक्शन, ते टोचेल, मग टक् असा आवाज होईल, दचकायचं नाही, सुईतून बारीक तुकडे निघतील.

"सुई लावल्यानं गाठ पसरते म्हन्तात?"

"नाही, त्यानं पसरत नाही."

"मंग करा!"

नंतर नर्सनं जागा दाबून धरली, पट्टी लावली. निळं पडेल, थोडं दुखेल, बर्फ लावा, ओझं उचलू नका. पण रक्त थांबेना, ताप आला किंवा जागा लाल झाली तर लगेच या, असं बजावलं. गावी परतल्यावर जाऊबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून माझी वेचणी तपासायच्या, "ते बोंड राह्यलं वं!" आणि भेटेल त्या बाईला सांगायच्या, "दुखते, पन सोसवते. तुले काही लागत असन तं लपवू नोको."

रिपोर्ट आणायला पुन्हा गेलो. "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पण सांगेन तेव्हा दाखवायला यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाऊबाईंनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला.

स्टँडवर चहा घेतला, तर बशीतला चहा त्यांच्या पातळावर सांडला. मी पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"माह्या मायले अशीच गाठ होती वं. तिनं कोनालेच सांगतलं नाही."

मारेगावची गाडी लागली होती. आम्ही ती जाऊ दिली.