ताटातली टेकडी

बासमतीचं पोतं उघडलं की त्या वासाबरोबर मला आखातातल्या दुखान गावच्या आमच्या घरातलं स्टीलचं ताट आठवतं. लेकीच्या शाळेसाठी मी त्यात दक्षिण ध्रुवावरच्या टेकड्या कणकेच्या करून मांडल्या होत्या, बर्फ म्हणून तांदूळ पसरून आणि नावांच्या चिठ्ठ्या टोचून. “बाबा, यांना नेम्स कुणी दिली?” तिनं विचारलं. “जो आधी पोचला त्यानं,” मी ऐटीत म्हणालो, “टेकडीला कोण विचारतंय?” “लग्नात माझंही नाव तू असंच तांदळात लिहून बदललंस,” बायको शांतपणे म्हणाली, “मलाही कुणी विचारलं नव्हतं.” माझी ऐट खलास. एक टेकडी बिननावाची उरली होती. तिच्यापुढच्या तांदळात मी बोटानं बायकोचं माहेरचं नाव लिहिलं. शाळेत जाताना गाडीत तांदूळ हलले आणि ते पुसलं गेलं. आता मी बायकोला त्याच नावानं हाक मारतो. ते दोनदा ऐकायला मिळावं म्हणून ती मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ देते.