मैनाचं विमान कुठे उतरलं?

आमच्या मुलांच्या मासिकाचे किस्से निघाले की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. जळगावात छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही चार टाळकी ते काढायचो! आता हसून झालं की मैनाच आठवते. तिची गोष्ट अर्धीच राहिली, याचं फार वाईट वाटतं.

मैना ही आबांच्या मालिकेची नायिका. आबा धुळ्याचे गणिताचे मास्तर. त्यांच्या गोष्टीतल्या खानदेशात इंग्रजांचं राज्य आलंच नव्हतं, आणि शाळकरी मैना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून वाफेचं विमान उडवायची!

*

प्रुफं तपासायला इतिहासाचे कुलकर्णी सर. मैनानं तापीकाठी इंग्रजांना हरवलं, हे वाचून त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी परस्पर इंग्रजांना जिंकवलं आणि अंक छापूनही झाला!

आबा ओरडले, "सर, हे काय केलंत?"

"सत्य तेच छापलं!"

पुढच्या अंकात आबांचं पहिलंच वाक्य होतं, 'मागच्या महिन्यातली बातमी ही इंग्रजांनी उठवलेली अफवा होती.'

*

चित्रं सलीमभाईंची. एरवी ते ट्रक रंगवायचे. विमानाच्या शेपटीवर त्यांनी झोकात लिहिलं, 'हॉर्न ओके प्लीज'.

मी म्हणालो, "अहो, आभाळात मागून कोण येणार?"

"इंग्रज मागे लागलेत ना, भाऊ!"

*

रावेरचे एक केळीवाले नाना तणतणत आले. मुलानं घरातला तापलेला कुकर सायकलला बांधला होता.

"काय शिकवता पोरांना? हात भाजला असता!"

आबांनी हळूच विचारलं, "सायकल हलली का?"

नाना इकडेतिकडे बघत म्हणाले, "हलली थोडी."

*

मग कागद परवडेना. मासिक बंद पडलं तेव्हा मैना सातपुड्यावर, वादळात, बॉयलरला तडा गेलेला, आणि खाली 'क्रमशः'! आम्ही म्हणायचो, "आबा, शेवट लिहून तर ठेवा." आबा म्हणायचे, "लिहू हो, पळून जातोय का?" अजून जीव चुटपुटतो.

*

साक्रीची एक मुलगी वडिलांना घेऊन एसटीनं थेट आबांच्या घरी धडकली. "आबा, मंग काय व्हयनं?" वडील परतीच्या एसटीची चौकशी करायला गेले, तेवढ्यात आबांनी तिला ओसरीवर बसवून अख्खा शेवट सांगितला. आत भाकरी थापणाऱ्या आबांच्या बायकोला, अक्कांना, फक्त टाळ्या ऐकू आल्या.

त्याच वर्षी आबा गेले. शेवट कागदावर कुठेच नव्हता. आम्ही तिघं साक्रीला गेलो, मुलीला गाठलं. "बाळा, पुढे काय झालं मैनाचं?"

"अंक निघेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं आबांनी बजावलंय," ती म्हणाली. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "कधी निघतोय?"