सर्वेसर्वा जेवते शेवटी

पेपरात 'सर्वेसर्वा' हा शब्द दिसला की माझ्या कपाळावर आठी येते. तिथं तो ज्याच्यासाठी वापरतात, त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही. आमच्या नाचणगावच्या घरात मात्र हा मानाचा शब्द आहे. लग्न ठरायला लागलं की घरातल्या एकाच्या हातात नारळ देऊन त्याला सर्वेसर्वा करतात. मग वरात जाईपर्यंत त्याचा शब्द शेवटचा. खुद्द नवरीच्या बापानंही मध्ये बोलायचं नाही. अट एकच, सर्वेसर्वानं शेवटच्या पंगतीला जेवायचं.

माझ्या वेळी तो नारळ मोठ्या आईला, म्हणजे बाबांच्या थोरल्या वहिनीला मिळाला. आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली की वावरातला माणूस काम टाकून उभा राही. खरं सांगते, मला तिची भीतीच वाटायची.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाहुणे बसले आणि कुंकू लावायच्या आधीच मुलाच्या मामांनी विषय काढला. "पोरीले शाळेतली नोकरी सोडा लागन. आमच्या घरी चालत नाई."

पुलगावच्या शाळेत शिकवणं मला जीव की प्राण होतं, आणि मुलगाही मनापासून आवडला होता. आतल्या खोलीच्या दाराआडून पाहिलं, बाबांचा चेहरा उतरला होता. आता हे हो म्हणणार, असं मला वाटलं.

"थांबा जरा," म्हणत मोठी आई उठली आणि आतल्या खोलीत माझ्यापाशी आली.

"तुले का पायजे, सांग."

"दोन्ही."

"मंग दोन्ही भेटन."

बाहेर जाऊन तिनं सांगून टाकलं, "पोरगी नोकरी सोडनार नाई. पसंत असन त कुंकू लावा, नाई त चहा घेऊन जा."

मामा बाबांकडे वळले. "काऊन जी, तुमच्या घरी बाईच ठरवते का?"

बाबा ताठ बसले. "हो. सर्वेसर्वा आमच्या वैनीच हायेत."

मग मुलगाच म्हणाला, "मामा, मले चालते."

कुंकू लागलं, पंगती उठल्या. दुपार कलल्यावर मोठी आई एकटीच पाटावर बसली. वरण पार निवलं होतं. मी वाढायला वाकले, तर तिनं विचारलं, "उद्या शाळेत जाशीन ना?"

मी हो म्हटलं आणि तिच्या ताटाशीच बसून रडले.