मिटलेल्या भांडणाचं पत्रक

डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या एका हॉटेलात फिलिपिन्सची सांस्कृतिक संध्याकाळ होती. 'आदिवासी नृत्य' म्हणून सहा मुली डोक्याला पिसं खोचून नाचल्या. माझ्या शेजारी बसलेली बाई तोंडावर हात धरून हसत होती. ती खरी मानोबो. फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंडानाओ नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या डोंगरांत तिचे लोक राहतात. इथे डब्लिनला ती एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते आणि ओंगार नावाच्या उपनगरातल्या घरात माझ्या शेजारच्या खोलीत राहते. मी तिला ताई म्हणते. ती मला 'दाय' म्हणते, म्हणजे पोरी.

"जाकीट पलीकडच्या डोंगरातलं, मणी बाजारातले, आणि ती उडी कुणाचीच नाही," ती म्हणाली. "पण गोड आहेत गं पोरी."

मला काहीही गोड वाटलं नाही. ज्यांच्या जमिनी खाणींनी आणि मळेवाल्यांनी गिळल्या, त्यांचीच पिसं लावून वर टाळ्या घेताय? घरी येईपर्यंत बसमध्ये मी बडबडत होते आणि ताई पेंगत होती.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आलेय. अन्याय दिसला की पहिली ओळ आपोआप सुचते. दिवसा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कॅथेटर तपासते आणि शनिवारी आमच्या पाच-सहा जणांच्या गटाबरोबर रस्त्यावर पत्रकं वाटते. इथल्या मराठी मंडळींना याची मोठी गंमत वाटते. गणपतीत एक काका मला म्हणाले, "नाशिकची ना तू? आपल्या आदिवासींच्या सुरगाण्याला कधी गेली होतीस?"

"एकदा."

"कशाला?"

"स्ट्रॉबेरी घ्यायला."

"झालं! चालली मिंडानाओ वाचवायला," काका म्हणाले आणि सगळी पंगत हसली. मी तणतणत उठले.

ताईला मात्र वाचवून घ्यायचंच नव्हतं. तिला सांगायला आवडायचं, एवढंच. लसूण सोलता सोलता सांगायची. भात पेरताना पुरुष टोकदार काठीने भोकं पाडत पुढे जातात, बायका मागून बी टाकत येतात. झाड तोडण्याआधी त्याला विचारावं लागतं. आमच्या घरमालकाने मागचं झुडूप छाटायला सांगितलं, तेव्हाही तिने आधी बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवले आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, आयरिश झुडपाला मानोबो कळतं का? "मला कळतं ना," ती म्हणाली.

एकदा बोलणं तिच्या वडिलांवर आलं. ते दातू आहेत. दातू म्हणजे राजा नव्हे. त्याच्याकडे शिपाई नाहीत की तुरुंग नाही. भांडण झालं की तो दोन घराण्यांच्या मध्ये बसतो आणि दोघं बोलून थकेपर्यंत ऐकतो. तिथे गुन्हा एका माणसाचा नसतोच, सगळ्या घराण्याचा असतो. म्हणून भरपाईही घराणं देतं: डुकरं, जुने रांजण, थाळीसारखे पितळी गाँग. मग वेताचा एक तुकडा दोन्हीकडून धरतात आणि मधोमध कापतात. जो हा विषय पुन्हा काढेल, त्याचं असंच होवो. त्यानंतर ते भांडण कुणी तोंडातून काढत नाही. प्यायल्यावर नाही, थट्टेत नाही, नवरा-बायकोतही नाही.

तिच्या वडिलांनी असं एक भांडण नऊ दिवस बसून मिटवलं होतं. ते कशावरून झालं, हे तिने मला सांगितलं. मी इथे सांगणार नाही. जमीन होती, कंपनी होती, एक माणूस जिवानिशी गेला, आणि ज्याच्यामुळे गेला तो त्याचा सोयराच होता. एवढं पुरे. वडील बसले नसते तर दोन्ही घराण्यांत मागोमाग माणसं मेली असती. हेच तिला सांगायचं होतं. तिचा तो अभिमान होता.

"बोलायचं नसतं ना? मग मला कशी सांगतेस?"

"तुझं तिकडे कोण आहे? तुला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय."

भिंतीने पत्रक काढलं.

कंपनीविरुद्ध होतं ते, आणि चांगलं होतं, अजूनही म्हणेन. नाव एकही नाही. कुणाला काय कळणार? आमच्या गटाचा म्होरक्या, एक निवृत्त आयरिश मास्तर, वाचून म्हणाला, "ग्रँड." ताईला दाखवायचं राहिलं. तिच्या सलग शिफ्टा होत्या असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं तर ती नको म्हणेल याची मला धास्ती होती.

कॉर्क शहरातल्या कुणा फिलिपिनोने ते तिकडच्या भाषेत करून पुढे पाठवलं. आठवडाभरात ते डोंगरातल्या फोनांवर पोचलं.

रविवारी बाजार उरकून ताईचे वडील कड्यावर चढतात. रेंज तिथेच मिळते. त्या रविवारी सकाळी त्यांचा फोन येऊन गेल्यावर ती युनिफॉर्ममध्येच स्वयंपाकघरात आली आणि प्रेसला, म्हणजे कपाटाला, टेकून उभी राहिली.

"दाय, तू झाडाचं वर्णन का केलंस?"

"कुठल्या झाडाचं?"

"तो पडला त्या झाडाचं. फुलांच्या रंगासकट. त्यावरूनच ओळखलं सगळ्यांनी."

"वाचायला छान वाटलं म्हणून."

मग तिने सावकाश सांगितलं. पलीकडच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या घराण्याने गाँग परत आणून ठेवला, वडिलांच्या दारात, पालथा. डुकरं तेव्हाच खाल्ली होती, रांजण फुटले होते. भरपाईतला गाँग तेवढा उरला होता. तोही परत आला, म्हणजे मिटलेलं उघडलं. तिचा मामा सूडाच्या धास्तीने पोराबाळांना घेऊन रानात गेला होता.

मी जे करता येतं ते सगळं केलं. पत्रकाची ऑनलाइन पोस्ट पुसून टाकली. कॉर्कला फोन केला. वाचनालयातून, कॅफेतून, दोन चर्चच्या पोर्चमधून पत्रकं गोळा केली. मास्तर म्हणाला, "विसरतील गं लोक." मी त्याच्यावर ओरडले. तिकडची माणसं विसरत नाहीत, ती फक्त बोलायचं थांबवतात, आणि तेवढ्यासाठी एक म्हातारा नऊ दिवस बसला होता. हे मला नीट समजलं ते असं, ओरडताना.

"मी माफी मागते," मी ताईला म्हटलं. "लेखी देते. व्हिडिओ करते."

"अजून एक पत्रक?"

"मग काय करू?"

"माफी एकटीने मागता येत नाही. तुझी मोठी माणसं तुझ्या बाजूने बसायला लागतात. कोण बसेल?"

मी नाशिकला आईला फोन लावला. मला वाटलं, ती झापेल. झापलंच आधी, "दुसऱ्याच्या घरातलं छापतात का गं? आणि तेही न विचारता?" मग म्हणाली, "बसते मी. व्हिडिओवर चालेल का विचार. साडी नेसून बसते. आणि पान-सुपारी लागते का त्यांच्यात?"

लागते. सगळं बोलणं विड्यानेच सुरू होतं. पण तो विडा समोरासमोर, एका डब्यातून घ्यायचा असतो. ताईच्या वडिलांनी कड्यावरून निरोप दिला: तुझ्या आईला माझा मान सांग, पण फोनमधल्या माणसाला विडा देता येत नाही.

पुढच्या रविवारी ताईने वडिलांना काय सांगितलं, ते मला फोन ठेवल्यावर कळलं. मी तिच्या घरातली आहे, असं तिने सांगितलं होतं. म्हणजे चूक तिच्या घराची. तिकडे जाऊन तीच बसणार.

"मी येते ना! मी केलंय."

"तुला बसवू कुठे? बाहेरचं माणूस मध्ये आलं की भांडण मोठं होतं. आलं होतं ना आधी, कंपनीचं?"

माझी आणि कंपनीची अशी एकाच वाक्यात गाठ पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिचं रहिवासाचं कार्ड नूतनीकरणात अडकलेलं होतं. ते हातात नसताना देश सोडला तर परत घेतील का? हेल्पलाइनवर दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. दुसऱ्याने तर मलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ज्यांना इथे कुणी अंघोळ घालत नाही, त्यांना ती घालणाऱ्या बाईला हा देश एक सरळ उत्तर देत नाही! मी तक्रार लिहायला घेतली. ताईने हळूच लॅपटॉप मिटला.

विमानतळावर तिची एकच बॅग होती. वडिलांसाठी गुडघ्यांचं मलम, मामाच्या पोरांसाठी बिस्किटं. "त्या लोकांना मी काय सांगू म्हणजे..." मी सुरू केलं. ती म्हणाली, "दाय, आता पुरे," आणि माझ्या जॅकेटची चेन लहान मुलाची लावतात तशी वरपर्यंत लावली.

तिला तिकडे जाऊन आज बारावा दिवस. ती फोन करते तेव्हा वारा इतका असतो की निम्मं ऐकू येत नाही. मी नवं पत्रक लिहिलेलं नाही. मास्तर विचारतो, मी आजारी आहे सांगते. आई रोज विचारते, "बसले का गं?" बसलेले नाहीत. मामा अजून रानातच आहे.

मघाशी ताईचा फोन आला. पलीकडची माणसं ओढ्यापर्यंत आलीत, म्हणाली. तिथेच चूल मांडलीय. अलीकडे येत नाहीत, माघारीही जात नाहीत.

"हे चांगलं की वाईट?" मी ओरडून विचारलं.

"बायकांना घेऊन आलेत, मारायला येताना आणत नाहीत," ती म्हणाली. "पण ओढ्यावर जाऊन बाबांनी समोर धरलेला विडा अजून कुणी..."

रेंज गेली.