लॅपटॉपची तोंडे

रविवार, १८ फेब्रुवारी २००१. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. लिंगपूजा आटोपून मी दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि त्याची तोंडे तपासायला सुरुवात केली.

तोंड हा माझा शब्द. चौसाळ्यात माझे पाइप, नळ आणि पाण्याच्या मोटारींच्या सामानाचे दुकान होते. ज्यात दुसरे काही बसते त्याला मी आयुष्यभर तोंड म्हणत आलो. मुलगा त्याला पोर्ट म्हणत असे.

मुलगा परदेशात नोकरीला होता. त्याची आई जाऊन तीन वर्षे झाली होती आणि घरात मी एकटाच उरलो होतो. त्या वर्षी तो महिनाभरासाठी आला आणि निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणाला, "आप्पा, माझ्याबरोबर चला." मी नकार दिला.

"मग एक अट. रोज दुपारी बाराच्या आत तुमची एक ओळ मला आली पाहिजे. मी ठीक आहे, एवढीच. जमलं तर खुशाल इथं राहा. नाही जमलं तर दुकान आवरायचं आणि माझ्याकडे यायचं."

"दर रविवारी फोन करतोसच की."

"सोमवारी तुम्हाला काही झालं तर मला ते रविवारी कळणार."

मी अट मान्य केली. त्याने ओळ कशी टाइप करायची आणि कशी पाठवायची ते दाखवले. तारा मात्र स्वतःच जोडल्या, नंतर काढून पिशवीत भरल्या आणि तो गेला. मी पडद्याकडे पाहत राहिलो होतो. तारांकडे पाहायला हवे होते. पहिली ओळ या रविवारी जायची होती.

मी यंत्र चारी बाजूंनी फिरवून पाहिले. मागे एक गोल भोक होते. विजेची तार त्यात बसली आणि दिवा लागला. शेजारी एक रुंद तोंड, दोन्ही कडांना स्क्रूचे आटे. ते मोठ्या पडद्यासाठी. त्याहून लांब एक तोंड छपाईच्या यंत्रासाठी. ही दोन्ही मुलाने बोलता बोलता दाखवली होती. डाव्या अंगाला दोन चपटी तोंडे होती. त्यांत माउसची तार एका बाजूने जाईना, उलटी केली तर गेली. समोरच्या दोन बारीक भोकांपैकी एकावर कानाला लावायच्या यंत्राचे चित्र होते, दुसऱ्यावर बोलायच्या यंत्राचे. आमच्याकडे चित्रे नसतात, माप असते. पण चित्रेही वाईट नव्हती.

राहिले एक चौकोनी तोंड. टेलिफोनची तार त्यात जाणार हे उघड होते, कारण तिचे टोकही चौकोनी होते. मी टेलिफोनमधून तार काढली आणि तिथे बसवली. ती बसली, पण सैल. हलवली की डुले.

पाइप सैल बसला तर त्यावर धागा गुंडाळतात. चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो. मी गल्ल्यातून धाग्याची गुंडी आणली, टोकाला नीट चार वेढे दिले आणि तार पुन्हा दाबून बसवली. आता हलेना. यंत्राला इंटरनेटसाठी बीडचा नंबर लावायला सांगितला. पडद्यावर उत्तर आले की लाइनवर आवाज नाही.

मी धागा वाढवला. उत्तर तेच. धागा काढून कागदाची घडी घातली. उत्तर तेच. कागद काढून पुन्हा धागा गुंडाळला. बारा वाजून गेले. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून मी पुढच्या दाराला आतून कडी घातली. स्वयंपाक केला नाही. दुपारी तासभर वीज गेली, तेव्हा यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालत राहिले. मीही चालू ठेवले.

मागे कोनाड्यात टेलिफोन मुका पडला होता. दिवसभर त्याची घंटा वाजली नाही, याचे मला काही वाटले नाही. रविवारी संध्याकाळी सात वाजता मुलाचा फोन येई. त्याखेरीज तो एरवीही वाजत नसे.

पाचच्या सुमारास दारावर धडका बसल्या.

"आप्पा! ए आप्पा! जित्ता हायस का न्हाई बे?"

माझ्या वयाचा एक मेंढपाळ पलीकडच्या गल्लीत राहत असे. आवाज त्याचा होता. मुलाकडे त्याच्या घरचा नंबर होता. मी कडी काढली. तो खांद्यावर कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"कुऱ्हाड कशाला?"

"दार फोडाया. तुझा पोरगा दुपारपासून तुला फोन लावतोय. घंटी वाजती म्हणं, कुणी उचलंना. माझ्याकडं रडाय लागला. काका, दार फोडा म्हणाला. आन् तू हितं बसलास व्हय? कडी कावून लावलीस?"

"काम होतं. आणि दार सागाचं आहे. तुझी कुऱ्हाड तुटली असती."

"तुझं थोबाड बी सागाचंच हाय." तो आत आला, टेबलाजवळ वाकला आणि ते धाग्याचे जाड वेढे पाहून त्याने माझ्याकडे मान वळवली. "हे काय बे? ह्यातनं पाणी गळतंय का?"

 तो हसत सुटला. मग त्याने खांद्यावरची कुऱ्हाड खाली ठेवली.

"लई घाबरलं लेकरू. आधी फोन लाव त्याला."

"तार एकच आहे. तू घरी जा. त्याचा फोन आला तर सांग, जिवंत आहे. ओळ पाठवतो म्हणावं."

"आन् न्हाई गेली तुझी वळ, तर?"

"तर दुकान आवरावं लागेल."

तो दाराकडे वळला. "मग बस," म्हणाला आणि कुऱ्हाड उचलून गेला.

मी धागा सोडवला. तार भिंतीवरच्या खोक्यात जिथे शिरत होती, ते टोक काढून पुन्हा लावून पाहिले. ते टक् करून बसले. त्याला वेढे लागले नव्हते. मी यंत्र उचलून दिव्याखाली धरले. उजव्या अंगाला एक रबरी झाकण होते. सकाळी मी ते न वापरायचे तोंड समजून सोडून दिले होते, कारण दुकानात आम्ही बंद तोंडालाच झाकण लावतो. झाकणाखाली तसेच चौकोनी, पण लहान तोंड होते. तार आत घातली. टक् झाले.

यंत्राने नंबर फिरवला. बराच वेळ किरकिर झाली, मग शांतता. मी रोमन अक्षरांत, एकेक अक्षर शोधून, लिहिले: मी ठीक आहे. तार चुकीच्या तोंडात होती.

ओळ गेल्याचे यंत्राने सांगितले. तार काढून मी टेलिफोनला लावली. थोड्याच वेळात घंटा वाजली.

 मुलगा म्हणाला, "ओळ मिळाली."

"हो."

"मला वाटलं होतं की..."

"ठाऊक आहे."

"जेवलात का?"

"करतो आता."

"उद्या बाराच्या आत, आप्पा."

"उद्या बाराच्या आत."

त्याने फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाशी थोडा वेळ तसाच धरला. लाइनवर आवाज होता.

दुकानात पाइपांवर खूण करायचा लाल रंग होता. काडीने त्याचा एक ठिपका मी लहान तोंडाशेजारी दिला, रंग सुकेपर्यंत यंत्र उघडेच ठेवले आणि धाग्याची गुंडी पुन्हा गल्ल्यात टाकली.